डोळ्यांची फाइल

थोरल्याची दहावी संपली आणि त्याच मे महिन्यात दोन दिवस त्याला उलट्या-जुलाब झाले. उन्हाळ्यात कुणालाही होतात, म्हणून मीठ-साखरेचं पाणी देत राहिले. तिसऱ्या दिवशी तो डोकं गच्च धरून बसला. दुपारी फिट आली, आणि शुद्धीवर आला तेव्हा उजव्या हातात पाण्याचा पेला धरता येईना. पेला हातातून सुटला, फरशीवर गडगडत गेला आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

एमआरआय आणि वेनोग्राफी (शिरांचं चित्र) झाली. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होती. सोळा वर्षांच्या मुलाला स्ट्रोक! रक्त गोठू नये म्हणून आधी हेपरिनची इंजेक्शनं, मग वॉरफरिनची गोळी. हात हळूहळू सुधारला. त्या डॉक्टरांनी आणि सिस्टर लोकांनी त्याचा जीव वाचवला, हे मी कधीच विसरणार नाही.

अडचण पुढे झाली. आठव्या दिवशी गुठळीच्या कारणांसाठी रक्त पाठवलं. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही रक्तातली प्रथिनं गुठळीला आवर घालतात. रिपोर्टमध्ये तिन्ही कमी. डिस्चार्ज कार्डावर लिहून आलं, ‘जन्मजात प्रथिन कमतरता’, आणि गोळी आयुष्यभर. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती: होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) ५० पेक्षा जास्त. साधारण १५ पर्यंत ठीक मानतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे ‘बी-१२ कमी असेल’ म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा ‘५० पेक्षा जास्त’. तिथलं मशीन ५० च्या वर मोजतच नव्हतं. म्हणजे आकडा ५५ आहे की ३०० आहे, हे आम्हाला कळलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता डोळ्यांचं सांगते. आठव्या वर्षीच थोरल्याच्या दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून सरकली होती. मुलगा उंच, किडकिडीत, बोटं लांब, म्हणून तेव्हा मार्फन सिंड्रोमची, म्हणजे हाडं, डोळे आणि हृदयावर परिणाम करणाऱ्या जन्मजात आजाराची, शंका आली. हृदयाची इको काढली, ती चांगली निघाली आणि विषय तिथेच मिटला. डोळ्यांची फाइल कपाटात वेगळी, आता मेंदूची वेगळी. दोन्ही एकाच पोराच्या आहेत आणि एकमेकींशी त्यांचा संबंध असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

वर्षाच्या डोळे तपासणीला गेलो तेव्हा ओपीडीत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. जुनं कार्ड वाचता वाचता त्या थांबल्या. त्यावर लिहिलं होतं, भिंग खाली आणि नाकाच्या बाजूला सरकलेलं. त्यांनी विचारलं, “ताई, याला कधी रक्ताची गुठळी झाली होती का?” मला घाम फुटला. मी गुठळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मार्फनमध्ये भिंग बहुधा वर सरकतं, खाली सरकलं की होमोसिस्टिन्युरिया, म्हणजे होमोसिस्टीन साचण्याचा आजार, डोक्यात यायला हवा, असं त्यांनी शांतपणे समजावलं आणि चयापचयाच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे मुंबईला चिठ्ठी दिली.

मुंबईत पहिली गोष्ट शिकले ती रक्त काढण्याची. नळी बर्फात ठेवायची आणि पेशी लगेच वेगळ्या करायच्या. नळी नुसती टेबलावर पडून राहिली तर रक्तपेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा फुगतो. तिथल्या ताईंनी बर्फाचा डबा आधी तयार ठेवला, मगच सुई हातात घेतली. आकडा आला २२८. आणि मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्लही कितीतरी पट वाढलेलं. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची होती. नुसत्या बी-१२ च्या कमतरतेत मेथिओनिन वाढत नाही.

मुंबईच्या तज्ज्ञ मॅडमनी कागदावर काढून दाखवलं ते मी जपून ठेवलंय. अन्नातल्या प्रथिनांतून मेथिओनिन येतं, त्याचं शरीरात होमोसिस्टीन होतं, आणि ते पुढे ढकलायला एक एन्झाइम लागतं. त्याचं नाव सीबीएस, जनुक २१ व्या गुणसूत्रावर. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली की हे एन्झाइम नीट चालत नाही. मग होमोसिस्टीन साचतं, भिंगाला धरून ठेवणारे धागे कमजोर होतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला इजा होते. त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, की गुठळीला निमित्तच मिळतं. हा आजार १९६२ साली ओळखला गेला, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इतका जुना आजार, आणि आमच्या घरात सोळा वर्षं बिननावाचा राहिला.

मग कमी झालेल्या प्रथिनांचं काय? मी तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, “रक्त कधी घेतलं होतं ते बघा.” ताजी गुठळी ही प्रथिनं खर्च करते. हेपरिनमुळे अँटिथ्रॉम्बिन खाली येतं. वॉरफरिन तर व्हिटॅमिन के वर चालणाऱ्या प्रथिनांनाच अडवतं, आणि प्रोटीन सी, प्रोटीन एस त्यातलीच. म्हणजे आठव्या दिवशी ती कमी येणारच होती. शिवाय या आजारात उपचार नसतील तर अँटिथ्रॉम्बिन, फॅक्टर सात (रक्त गोठवणारं एक प्रथिन) आणि प्रोटीन सी मुळातच कमी आढळू शकतात, आणि होमोसिस्टीन उतरलं की सुधारू शकतात. आमच्या बाबतीत कशाचा वाटा किती, ते त्यांनी उगाच ठामपणे सांगितलं नाही. मला ते आवडलं.

सीबीएसला मदतनीस म्हणून व्हिटॅमिन बी-६ लागतं. काही रुग्णांत मोठ्या मात्रेनं आकडा झपाट्यानं उतरतो, काहींत हलतही नाही. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ भरून काढून बी-६ सुरू केलं. (हे कुणी स्वतःच्या मनानं घेऊ नका, बी-६ फार झालं तर नसांना इजा होते.) सहा आठवड्यांनी आकडा ९६. उतरला, पण पुरेसा नाही. मग होमोसिस्टीन कमी करणारी बीटेनची पावडर आली आणि प्रथिनं मोजून खाणं आलं.

ते मोजणं फार जड गेलं. आयुष्यभर पोरांना “दूध संपव, पनीर खा” म्हणणारी मी, आता वजनकाट्यावर वाटी ठेवून डाळ मोजायला लागले. साबुदाणा, भात, भाज्या, फळं यांवर जोर. मेथिओनिन नसलेली खास पावडर दिवसातून तीनदा, तिचा वास उग्र. संक्रांतीला कळलं की तिळात मेथिओनिन भरपूर असतं. थोरल्यानं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि स्वतः साबुदाण्याच्या हलव्याचे चार दाणे घेतले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

खर्चाचं थोडक्यात सांगते, कारण घरोघरी हाच प्रश्न असतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात होमोसिस्टिन्युरिया खास आहार लागणाऱ्या आजारांच्या गटात आहे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यातलं एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. अर्ज तिथूनच जातो. कागद खूप लागतात, पण चिकाटी सोडू नका. आणि भूल द्यायची वेळ आली तर आजाराचं नाव आधी सांगा, नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू या मुलांना चालत नाही.

धाकटीची तपासणी मी दोन महिने लांबवली. भावंडात चारात एक शक्यता असते, आणि मला दुसरा आकडा ऐकायचं धैर्य नव्हतं. शेवटी हेच म्हणाले, “कळलं तर वेळेत उपचार होतील, आता थांबायचं नाही.” सुई टोचताना तिनं विचारलं, “आई, मलाही दादासारखं मोजून जेवावं लागेल का?” मला उत्तर देता आलं नाही. आकडा आला ७.

थोरल्याचा आता ४८ वर आहे. वर्षभरानं मॅडमनी वॉरफरिन थांबवून काही आठवडे हेपरिनच्या इंजेक्शनांवर ठेवलं आणि ती तीन प्रथिनं पुन्हा तपासली. या वेळी अँटिथ्रॉम्बिनचं रक्त हेपरिनचा डोस द्यायच्या आधी काढलं. तिन्ही मर्यादेत आली. मॅडमनी जुन्या कार्डावरच्या ‘जन्मजात प्रथिन कमतरता’वर रेघ मारली, खाली सही केली आणि तारीख टाकली. थोरल्यानं उजव्या हातानं ते कार्ड उचललं आणि डोळ्यांच्या फाइलमध्ये ठेवलं.