बडोद्यात एनए (बिगरशेती) प्लॉटिंग: भराव टाकण्याआधी कांस म्हणजे नाला बघा

पर्यावरण आराखडा म्हटलं की बिल्डर पहिल्यांदा झाडांचा आकडा सांगतो. बडोद्याच्या जमिनीवर पहिला प्रश्न पातळीचा असायला हवा. विश्वामित्री नदीचं खोरं सपाट आणि माती काळी. वरून भुखी, मसिया अशा कांशी, म्हणजे पावसाळी नाले, शहरातून पाणी नदीकडे नेतात. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिमी पाऊस पडला तेव्हा हे सगळं एकदम दिसलं.

चार हेक्टरच्या प्लॉटवर मीटरभर भराव टाकला म्हणजे 40,000 घनमीटर माती आली, दहा घनमीटरच्या डंपरच्या चार हजार खेपा. जमीन पूरक्षेत्रात असेल तर पुरात तिथे पसरणारं तेवढंच पाणी शेजारच्या सोसायटीत शिरतं. म्हणून रस्ते आणि मोकळी जागा मूळ पातळीवर ठेवावी, फक्त प्लिंथ (इमारतीचं जोतं) उचलावी किंवा खाली पार्किंग द्यावं. भराव टाळताच येत नसेल तर तितकीच माती त्याच आवारात, त्याच पूरपातळीवर कापून काढावी. कोपऱ्यात खोल खड्डा खणून हिशेब जुळवतात, पण तो पुराआधीच भरलेला असतो, त्याचा काही उपयोग नाही.

आता पावसाचं पाणी. तासाला 50 मिमी पाऊस धरला तर चार हेक्टरवर 2,000 घनमीटर पडतं. शेत असताना वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा हिस्सा) 0.3 धरला तर 600 घनमीटर बाहेर जातं. छपरं, डांबर आणि पेव्हर आल्यावर तो 0.75 होतो, म्हणजे 1,500. वरचे 900 घनमीटर आपण अडवायचे: 30 बाय 20 मीटर, दीड मीटर खोल तळं. खरी गोम बाहेर पडणाऱ्या पाइपात आहे. आधीचा प्रवाह सेकंदाला सुमारे 0.17 घनमीटर होता, तर तळं भरलेलं असताना तेवढंच पाणी सोडायला 250 मिमीचा पाइप पुरतो. साइटवर ‘तुंबायला नको’ म्हणून 600 मिमीचा बसवला की तळं नुसतं शोभेचं. अतिवृष्टीसाठी वर वेगळा सांडवा द्यावा आणि पाइपाच्या तोंडाशी जाळी लावावी. आणखी एक युक्ती चालते: कागदावर शेताचा गुणांक 0.5 दाखवून तळं लहान करून घ्यायचं. रिपोर्टमध्ये आधी तोच आकडा शोधा.

शोषखड्डे काळ्या मातीत फसतात. भिजली की ती फुगते आणि भेगा बंद होतात, मग दोन मीटरच्या खड्ड्यात पाणी आठवडाभर उभं राहून डास होतात. पाणी वाळूच्या थरापर्यंत पोचवणारी बोअर हवी. तिच्या तोंडाशी खाली बोल्डर, मग खडी, वर जाड वाळू अशी गाळणी, आणि वरची वाळू दर मेमध्ये धुवून घ्यायची. पार्किंगचं तेलकट पाणी या बोअरमध्ये मुळीच सोडू नये.

खोदाई ऑक्टोबर ते मे. वरची 15-20 सेंमी माती वेगळी काढून दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवावी, मलब्यात मिसळू देऊ नये. गाळ अडवणारं कापड 15 सेंमी तरी जमिनीत पुरलं नाही तर पाणी खालून निघून जातं. नव्वद टक्के साइटवर ते बांबूंना नुसतं टांगलेलं असतं, असा माझा अंदाज. धुळीसाठी टँकर, तो सगळेच फिरवतात.

नदी किंवा कांस हद्दीला लागून असेल तर मगरींचा विचार आलाच. मगर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतात. त्यामुळे फेब्रुवारी ते जून काठाला जेसीबी लावू नये. काँक्रीटची उभी भिंतही नको: ऊन खायला उतरता काठ मिळाला नाही की ती दुसरी जागा शोधते, आणि ती जागा तुमचा रस्ता असू शकते.

जुन्या कडुलिंबाच्या खोडाला माती टेकवू नये. फांद्यांच्या घेराखाली 30 सेंमी भरावही मुळं गुदमरवतो, आणि झाड वाळतं तेव्हा बिल्डर निघून गेलेला असतो.

परवानगीचं म्हणाल तर 2006 च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते. एकाच मालकाचे 19,000-19,000 चे दोन ‘फेज’ शेजारी दिसले तर दोन्हींचं ड्रेनेज एकाच नकाशावर मागून घ्या. ताबा घेताना तळ्याचा नकाशा, पाइपाचा व्यास आणि गाळ काढण्याचा वार्षिक खर्च सोसायटीच्या कागदात लेखी हवा. तळ्यात मोजपट्टीचा खांब रोवून घ्या, म्हणजे गाळ किती साचला ते दर मेमध्ये उभ्या उभ्या वाचता येतं.