घोरण्याचं काही नाही हो डॉक्टर

"घोरण्याचं काही नाही हो डॉक्टर. ते मधेच थांबतं ना, तेव्हा माझा जीव जातो."

वहिनी असं म्हणाली आणि इतका वेळ बीपीच्या गोळ्या लिहीत बसलेल्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिने मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. दादाचं घोरणं, मग एकदम शांतता. पोट हलतंय, पण श्वास नाही. आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज.

दादा म्हणे, "मला तर छान झोप लागते!" लागते ना, दिवसा. सिग्नलला गाडीतसुद्धा.

हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला हिसका देऊन जागं करतो. श्वास निदान १० सेकंद अडला किंवा फार कमी झाला, की ती एक वेळ मोजतात. तासाला ३० किंवा जास्त वेळा म्हणजे तीव्र. दादा त्यातलाच निघाला. सकाळी डोकं जड, बीपी हटत नाही, त्याचं मूळ इथेही असू शकतं, आणि आम्ही आपले कुंभकर्ण म्हणून हसतोय!

वजन उतरवा, रात्रीची दारू बंद, हे सांगितलंच. शिवाय सीपॅप मशीन, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते जगापुढे मांडलं.

दादाचा प्रश्न मात्र, "मास्क लावून झोपलो तर लोक काय म्हणतील?"

अरे, बेडरूममध्ये कुठले लोक?