एका अक्षरापायी दोनशे समीकरणं

रैखिक बीजगणिताची टिपणं दोनशे समीकरणांच्या पुढे गेली आणि माझ्या प्रिव्ह्यूने मान टाकली. डावीकडे लेटेक (सूत्रं मजकुरात लिहायची भाषा) टाइप करायचं, उजवीकडे सूत्र बघायचं, एवढंच ते मी स्वतःपुरतं बनवलेलं पान. पण साधा स्वल्पविराम टाकला तरी कर्सर गोठायचा आणि मग पाच-सहा अक्षरं एकदम बदाबदा पडायची.

खापर आधी मॅथजॅक्सवर, म्हणजे ब्राउझरात सूत्रं रचणाऱ्या लायब्ररीवर फोडलं. जुनी, दुसरी आवृत्ती होती; ती मांडणी करताना ब्राउझरकडून मापं घेत बसते. तिच्या जागी कॅटेक्स ही तशीच दुसरी लायब्ररी लावली. फरक पडला, पण अडखळणं गेलं नाही.

शेवटी ब्राउझरचा परफॉर्मन्स टॅब (कशात किती वेळ जातो ते दाखवणारा) उघडून एकच कळ दाबली. दोनशेच्या दोनशे सूत्रं नव्याने रचली जात होती! साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. चूक माझीच.

मग सगळे करतात तेच केलं: डीबाउन्स, म्हणजे टाइपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी रचना. याने एका वेळचं काम कमी होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. विचार करायला थांबलो की रचना सुरू, आणि नेमकं पुन्हा लिहायला घेतलं की पान ठप्प.

खरा उतारा कॅशचा, म्हणजे एकदा रचलेलं जपून ठेवून पुन्हा वापरायचं. सूत्राचा मजकूर आणि ते ओळीतलं की स्वतंत्र, ही किल्ली. त्या किल्लीवर साठवायचं ते तयार एचटीएमएल. तरी पान जडच, कारण मी अख्खं इनरएचटीएमएल, म्हणजे प्रिव्ह्यूच्या आतलं सगळंच बदलत होतो. कॅटेक्सचा एक साधा अपूर्णांक म्हणजे एकात एक स्पॅनांची (एचटीएमएलच्या छोट्या घटकांची) उतरंड. ती सगळी पाडून परत उभी करायची म्हणजे लेआउटचा, प्रत्येकाची जागा नव्याने मोजायचा, खर्च आलाच. आता परिच्छेदागणिक तुलना करतो, बदललेला तेवढाच बदलतो.

दोन दिवस खुशीत होतो. मग सदिशाचा मॅक्रो (लांब आदेशासाठी मी ठरवलेलं छोटं नाव) ठळक अक्षरावरून बाणावर आणला, तर नव्या ओळींत बाण आणि जुन्यांत ठळक अक्षरं! सूत्राचा मजकूर तोच, त्यामुळे कॅशच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. आता मॅक्रोंची यादीही किल्लीत घालतो. मॅक्रोला हात लावला की सगळं पुन्हा रचलं जातं, पण ते आठवड्यातून एकदा.

अर्धवट सूत्राचंही तसंच. महिरपी कंस बंद होईपर्यंत लाल अक्षरं दिसायची, परिच्छेदाची उंची बदलायची, खालचं सगळं उड्या मारायचं. आता कंस जुळेपर्यंत आधीचं शाबूत रूपच ठेवतो, जरा फिकट करून.

क्रोममध्ये २०२३च्या जानेवारीत, १०९व्या आवृत्तीत, मॅथएमएल, म्हणजे ब्राउझरला थेट कळणारी सूत्रांची खूणभाषा, परतलं. कॅटेक्सला नुसतं तेच द्यायला सांगता येतं, म्हणजे स्पॅनांचा पसारा टळेल. मोठ्या मॅट्रिक्सचे कंस कसे दिसतात तेवढं बघायचं राहिलंय.