घड्याळातले किलोमीटर संगणकात उतरवताना

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर एकदा तरी पूर्ण करावेत या हेतूने मी पहाटे यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा सराव सुरू केला, तेव्हा मेहुण्यांनी त्यांचे जुने जीपीएस घड्याळ आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा मला देऊन टाकला. घड्याळ उत्तम चालत होते. अडचण होती ती त्यातील नोंदी बाहेर काढण्याची. हे घड्याळ मोबाइलला जोडता येत नाही. त्यातील माहिती नखाएवढ्या यूएसबी स्टिकमार्फत, 'अँट' या बिनतारी पद्धतीने संगणकात येते, आणि ती उतरवून घेणारे कंपनीचे सॉफ्टवेअर केवळ विंडोज आणि मॅकवर चालते.

आमच्या घरच्या संगणकावर उबुंटू, म्हणजे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा एक प्रकार, आहे. विंडोज ७ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, त्यानंतर ४ जीबी रॅमच्या आमच्या संगणकाला नव्या विंडोजचे ओझे पेलणार नाही म्हणून मुलीने त्यावर लिनक्स घालून दिले होते, आणि वीजबिलापासून सोसायटीच्या हिशेबापर्यंत सर्व कामे त्यावर सुरळीत होत होती. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला असता "सर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून बघा," एवढेच उत्तर मिळाले. फुकट मिळालेल्या घड्याळासाठी नवा संगणक घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे 'वाइन' प्रथम वापरून पाहिले. त्यात कंपनीचे सॉफ्टवेअर उघडले खरे, परंतु त्याला स्टिक काही केल्या दिसेना. मग संगणकातच दुसरा, आभासी संगणक उभारून त्यात विंडोज घालण्याचा प्रयत्न केला. पण ४ जीबीत दोन बिऱ्हाडे मावेनात, तेव्हा तोही नाद सोडला.

अखेर मुलीने अँटवरून घड्याळातील नोंदी उतरवून घेणारा 'अँटएफएस-सीएलआय' हा पायथन भाषेत लिहिलेला मुक्त स्रोत प्रोग्राम शोधून काढला. तो चालवताच 'परवानगी नाही' असा संदेश आला. उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत स्टिक तर स्पष्ट दिसत होती, म्हणजे दोष तिचा नव्हता. सामान्य वापरकर्त्याला ती हाताळण्याची मुभाच नव्हती. त्यासाठी लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था पाहणाऱ्या 'यूडेव्ह'च्या नियमांच्या फोल्डरमध्ये, स्टिकचा उत्पादक क्रमांक लिहिलेली एका ओळीची फाइल ठेवावी लागते आणि नंतर स्टिक काढून पुन्हा लावावी लागते. माझे दोन रविवार या एका ओळीपायी गेले.

तरीही संपर्क मध्येच तुटत असे. अँट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालते, वायफायही बहुधा त्याच पट्ट्यात असते, आणि आमची स्टिक संगणकाच्या पाठीमागे, पत्र्याच्या आड, राउटरला खेटून बसली होती. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून ती टेबलावर आणली, घड्याळ शेजारी ठेवले, तेव्हा कुठे घड्याळाच्या पडद्यावर जोडणीस संमती मागणारा प्रश्न उमटला. मी 'होय'चे बटण दाबले आणि काही मिनिटांत घड्याळातील नोंदींच्या सर्व 'फिट' फाइली संगणकात उतरल्या.

या फाइली साध्या संपादकात वाचता येत नाहीत, म्हणून 'जीपीएसबॅबेल' या प्रोग्रामने त्यांतील एक जीपीएक्स या वाचता येणाऱ्या प्रकारात बदलून घेतली. ती वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, शनिवारी रात्री पावणेबाराला तुम्ही घाटात काय करत होतात?" मी रविवारी पहाटे ५.१० वाजता धावायला सुरुवात केली होती. फाइलमध्ये मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून तेथे शनिवारचे २३.४० नोंदले गेले होते. आता मी नोंदी 'गोल्डन चीता'त पाहतो, आणि तो प्रोग्राम स्थानिक वेळच दाखवतो.

तेथेच चढाचा आणि ठोक्यांचा आलेख प्रथम एकत्र पाहिला. पहिल्याच वळणांवर ठोके १७०च्या वर गेले होते आणि नंतर वेग सतत घसरत गेला होता. दम कमी पडतो असे मी समजत होतो, प्रत्यक्षात मी सुरुवातच अवाजवी वेगाने करत होतो. घड्याळातील मूळ प्रणाली अद्ययावत करणे मात्र उबुंटूवरून अजून जमलेले नाही. त्यासाठी घड्याळ आणि स्टिक खिशात घालून शेजाऱ्यांच्या विंडोज लॅपटॉपकडे जावे लागते, आणि वहिनी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.