पुस्तकं शेवटी घ्या: डिसेंबरातले पुण्यातले दोन दिवस

साताऱ्याहून निघताना आत्यानं पिशवीत शाल, गुडघ्याखाली घ्यायची छोटी उशी आणि खजुराची डबी भरली आणि मला बजावलं, "पुस्तकं शेवटी घ्यायची हां." मी ऐकलं नाही. त्याची शिक्षा पुढे येतेच.

डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात दोन मोठे मांडव जवळपास एकदमच उभे राहतात. एक मुकुंदनगरला, शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा. दुसरा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर, राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या पुणे पुस्तक महोत्सवाचा. पहिला 1953 पासूनचा, भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. दुसरा 2023 मध्ये सुरू झालेला. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, पण दोन्हींत सापडणारा एखादा शनिवार-रविवार बहुधा मिळतो. आम्ही तोच धरला.

शनिवारी सकाळी स्वारगेटला उतरलो आणि तिथूनच मेट्रो पकडली. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाझकडे जाणारी गाडी बदलायची आणि डेक्कन जिमखान्याला उतरायचं. तिथून फर्ग्युसन चालत. आत्याच्या गुडघ्यांमुळे आम्ही रिक्षा केली, पण धडधाकट माणसानं करू नये. त्या रस्त्यावर शनिवारी रिक्षा चालणाऱ्याच्या मागे पडते.

पुस्तकांच्या मांडवात दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळीच जा. आधी एक फेरी रिकाम्या हातानं मारा. मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं वर्षभर अप्पा बळवंत चौकात मिळतातच; इथे वेळ द्यावा तो परगावच्या छोट्या प्रकाशकांना. अशाच एका गाळ्यावर मी जुन्या बोलींवरची पुस्तकं चाळत बसलो. गाळेवाल्या काकांनी गठ्ठा सुतळीनं बांधला, गाठ दातांनी ओढली आणि म्हणाले, "उचलून बघा, झेपतोय का." तेव्हा झेपला.

चारला मुकुंदनगरात गायन सुरू होणार होतं. मध्ये घरी टाकायला घर नाही, म्हणून गठ्ठा घेऊनच मांडवात शिरलो. तिकीट भारतीय बैठकीचं होतं. बैठकीत जागा राखीव नसते. लवकर पोचणाऱ्याला खांब मिळतो, बाकीच्यांना पाठदुखी. आम्हाला खांब मिळाला, पण माझी मांडी घालायची जागा पुस्तकांनी खाल्ली. आठ तास मी पाय दुमडून होतो. शेजारच्या आजी मात्र स्वेटर विणत निवांत. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात सुया संथ चालायच्या, आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, न चुकता एक क्षण थांबायच्या. गायकाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.

पूर्वी महोत्सव रमणबाग शाळेत भरायचा तेव्हा आत्या रात्रभर बसायची. "पहाटेचे राग ऐकायचे आणि थेट पहिली एसटी. आता रात्री दहाला घरी पाठवतात रे." ध्वनिवर्धकाच्या नियमामुळे रात्र गेली हे खरं. शनिवारी रात्री बाराची सवलत असते तेवढीच. पण मला वाटतं, त्या बदल्यात रविवारचं दुपारचं सत्र मिळालं, आणि त्याचं मोल लोकांना कळलेलं नाही. दुपारी बाराला सुरुवात होते. सारंगाचे प्रकार, भीमपलासी, मुलतानी हे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायची संधी एरवी किती मैफली देतात? आणि आम्ही गेलो त्या वेळी बैठक अर्धी रिकामी होती. एकच दिवस जमणार असेल तर रविवार निवडा.

शनिवारी रात्री बारानंतर मेट्रो नसते हे आधी लक्षात घ्या. मुक्काम स्वारगेटच्या आसपासच शोधा आणि तोही महिनाभर आधी. मांडव उघडा असल्यानं दहानंतर थंडी खालून चढते. शाल अंगावर घ्यायला नव्हे, बुडाखाली घालायला लागते. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी संगीतावरचे माहितीपट आणि कलाकारांशी गप्पा असतात. आमचं ते हुकलं. तुम्ही चुकवू नका.

डिसेंबर जमत नसेल तर उन्हाळ्यात या. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांत टिळक स्मारक मंदिरात भरते. तिला उशी लागत नाही, खुर्च्या आहेत.

रविवारी रात्री शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. उठून चपला शोधू नका, थांबा. खरखरीतून आवाज आला तशी आत्या खांब सोडून ताठ बसली. विणणाऱ्या आजी आज आमच्या पुढे होत्या. त्यांनी सुया पिशवीत ठेवल्या होत्या.

साताऱ्याच्या गाडीत सुतळीचे वळ माझ्या बोटांवर तसेच होते. आत्यानं गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक काढून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि खंबाटकीचा घाट चढेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.