पडलेल्याला हात लावायचा नाही

१८ नोव्हेंबर २०२०, ब्रिस्बेनचं सनकॉर्प स्टेडियम, स्टेट ऑफ ओरिजिनची, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांमधल्या रग्बी लीग मालिकेची, निर्णायक मॅच आणि ४९ हजार प्रेक्षक. न्यू साउथ वेल्सचा कॅप्टन जेम्स टेडेस्को बॉल घेऊन धावला, टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्याने धरून पाडताना, त्याचं डोकं आदळलं आणि तो जागीच बेशुद्ध पडला. टीव्हीवर बघणाऱ्या माझ्यासारख्या अडाण्यालाही ते कळलं. पण क्वीन्सलँडचा जय अॅरो आला आणि त्या निपचित पडलेल्या माणसाला धरून उचलायला गेला. त्यावरून नंतर भरपूर ओरड झाली आणि अॅरोवर गैरवर्तनाचा ठपकाही आला.

आपल्याकडे रग्बी म्हणजे एकच काहीतरी धसमुसळा खेळ असं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. सिडनीत, विशेषतः आम्ही राहतो त्या पश्चिम भागात, रग्बी म्हणजे तेरा जणांची रग्बी लीग. कबड्डीत पकड झाली की शिट्टी वाजते आणि सगळे सुटतात. इथे तसं नाही. टॅकल झालेल्या खेळाडूने लगेच उठायचं, बॉल पायाखालून मागे सरकवायचा आणि खेळ तसाच पुढे. तो जितका वेळ खाली राहील तितका वेळ खेळ अडतो. म्हणून समोरच्यांना वाटतं की हा नाटक करतोय, याला ओढून उभा करू. मानेचा मणका सरकलेल्या माणसाला असं उचललं तर काय होईल, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात येत नसावं. म्हणून जखमी खेळाडूला हलवायचं नाही, डॉक्टर आणि ट्रेनर येईपर्यंत लांब राहायचं, हा दंडक मला या खेळातला सगळ्यात शहाणा दंडक वाटतो.

गंमत म्हणजे सिडनीत हा खेळ सुरू झाला तोच एका जखमी खेळाडूमुळे, असं इथे सांगतात. अॅलेक बर्डन नावाचा केशकर्तनाचा धंदा करणारा माणूस रग्बी युनियन, म्हणजे पंधरा जणांची रग्बी, खेळताना जखमी झाला. हात चालेना म्हणजे धंदा बंद, आणि युनियनवाले हौशी खेळाचे सोवळे, ते एक पै भरपाई देईनात. त्यावरून १९०७ मध्ये काही मंडळी जमली आणि खेळाडूंना पैसे देणारी वेगळी लीग निघाली. त्या मंडळींत एक होता व्हिक्टर ट्रंपर. हो, तोच, १९०२ साली ओल्ड ट्रॅफर्डला कसोटीच्या पहिल्या दिवशी लंचच्या आधी शतक ठोकणारा! तो या लीगचा पहिला खजिनदार. क्रिकेटवेड्या माणसाला या खेळाशी जोडायला मला एवढा धागा पुरला.

आता शिस्तीचं. दर आठवड्याच्या मॅचेस झाल्या की मॅच रिव्ह्यू कमिटी चित्रफिती बघते आणि कुणावर कोणता आरोप, ते जाहीर करते. गळ्याच्या वरचा टॅकल असेल तर तो निष्काळजी, बेफिकीर की मुद्दाम, आणि त्यातही कितव्या दर्जाचा, अशी वर्गवारी असते. गुन्हा लवकर कबूल केला तर शिक्षा कमी, लढायचं ठरवलं तर ज्युडिशियरीसमोर, म्हणजे लीगच्या न्यायमंडळासमोर, वकील घेऊन उभं राहायचं. आमच्या ऑफिसात सोमवारी चहाच्या वेळी याच यादीवर खल चालतो. २०२२ पासून किरकोळ पहिल्या गुन्ह्याला बंदीऐवजी दंड होतो, साधारण हजार डॉलरच्या आसपास. वर्षाला लाखो डॉलर कमावणाऱ्याला हजार डॉलर म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा.

माझ्या मनात घर करून राहिलेली केस मात्र ऑगस्ट २०२१ ची. साउथ सिडनी क्लबचा लॅट्रेल मिचेल रूस्टर्स या सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबच्या जोसेफ मानूवर असा काही आदळला की मानूच्या गालाचं हाड मोडलं. त्याचा सीझन तिथेच संपला. मिचेलला मैदानावर मिळाली सिन-बिन, म्हणजे दहा मिनिटं बाहेर बसायची शिक्षा. रूस्टर्सचे कोच ट्रेंट रॉबिन्सन पंचांवर इतके भडकले की त्यांनाच २० हजार डॉलर दंड बसला. पुढे मिचेलवर सहा मॅचची बंदी आली आणि साउथ सिडनी त्याच्याशिवाय फायनलला गेली. तिथे ती पेनरिथकडून १४-१२ अशी हरली.

आता बघा, नुकसान झालं रूस्टर्सचं आणि मिचेल नसल्याचा फायदा मिळाला पेनरिथला! बंदी कितीही कडक असली तरी ती पुढच्या मॅचेसमध्ये लागू होते. ज्या टीमचा माणूस स्ट्रेचरवरून गेला तिच्या हाती काय? याचं थोडंफार उत्तर म्हणून त्याच वर्षी अठरावा खेळाडू आला, म्हणजे मैदानावरचे तेरा आणि बदली चार यांच्या पलीकडचा एक. समोरच्याच्या गैरप्रकारामुळे एखादा खेळाडू उरलेल्या मॅचला मुकला आणि अपराध्याला मैदानाबाहेर काढलं गेलं, तर टीमला हा राखीव माणूस वापरता येतो. माझ्या मते सगळ्या बंद्या आणि दंडांपेक्षा हा नियम जास्त न्यायाचा आहे, कारण तो त्याच मॅचमध्ये, त्याच टीमच्या उपयोगी पडतो.

मग शिक्षा दुखापतीवर मोजायची की कृतीवर? 'मानू जितका काळ बाहेर, तितका काळ मिचेल बाहेर' असं म्हणणारे इथे खूप आहेत. त्यांना मी २०१४ आठवायला सांगतो. मेलबर्नमध्ये तिघांनी मिळून केलेल्या टॅकलमध्ये न्यूकॅसलचा अॅलेक्स मॅककिनन उचलला गेला, मानेवर पडला आणि बावीसाव्या वर्षी त्याच्या नशिबी व्हीलचेअर आली. तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनला सात मॅचची बंदी झाली. दुखापतीच्या मापाने मोजलं तर सात मॅच म्हणजे काहीच नाही. पण तसाच टॅकल बऱ्याचदा होतो आणि खाली पडलेला माणूस कपडे झटकून उठतो. तो सुदैवाने वाचला म्हणून टॅकल करणाऱ्याला सोडायचं का? मॅककिननची आठवण काढून आजही लोक भांडतात, आणि दोन्ही बाजूंना थोडी थोडी सत्यता आहे हे मला मान्य करावं लागतं.

नियम कडक झाले की त्यांचा फायदा उठवणारेही निघतात. मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनलाच एका वीकेंडमध्ये चौदा जण सिन-बिनमध्ये आणि तिघे थेट बाहेर गेले होते, इतकी डोक्यावरच्या टॅकलविरुद्ध मोहीम उघडली होती. तेव्हापासून गळ्याला जरा हात लागला की काही खेळाडू खालीच पडून राहतात, म्हणजे सिडनीतल्या बंकरमध्ये बसलेला व्हिडिओ पंच रिप्ले बघेल आणि पेनल्टी मिळेल. लोक चिडतात, मीही चिडतो. पण नाटक्या कोण आणि खरा जखमी कोण, हे ठरवायचं काम समोरच्या खेळाडूचं नाही. २०२२ पासून बंकरमध्ये स्वतंत्र डॉक्टर बसतो आणि डोक्याला मार बसल्याची शंका आली तर खेळाडूला बाहेर बोलावतो. पंधरा मिनिटांची चाचणी होते.

तीही चाचणी काही रामबाण नाही. ज्या टेडेस्कोपासून मी सुरुवात केली, तो त्या मॅचला कॅप्टन होता कारण नेहमीचा कॅप्टन बॉइड कॉर्डनर मालिकेच्या पहिल्या मॅचमध्ये डोक्याला मार खाऊन, चाचणी पास होऊन, पुन्हा मैदानात उतरला होता आणि मग पुढच्या मॅचेसना मुकला होता. २०२१ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. २०२३ पासून एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, कनकशन (डोक्याला मार बसून मेंदूला इजा) झालेल्याला साधारणपणे अकरा दिवस सक्तीने बाहेर बसवतात. स्थानिक आणि शाळकरी खेळासाठीची मार्गदर्शक तत्त्वं त्याहून कडक आहेत, किमान एकवीस दिवस.

ऑफिसातला माझा एक सहकारी साउथ सिडनीचा कट्टर पाठीराखा. मिचेलला सहा मॅच म्हणजे शुद्ध अन्याय, असं तो अजून सांगतो. गेल्या सीझनला त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला सेमीफायनलच्या आदल्या आठवड्यात कनकशन झालं. मुलगा रडला, कोचने फोन केला, आजोबांनीही रदबदली केली. याने एकवीस दिवसांतला एक दिवससुद्धा कमी होऊ दिला नाही.