पाय दुखतात ते उभं राहून

सुट्टीत एखादं मोठं, जुनं शहर पायी बघायचं ठरलं की माणूस आदल्या रात्री नकाशावर अंतरं मोजतो. किल्ल्यापासून चौक एक किलोमीटर, तिथून देऊळ नाहीतर चर्च दीड, पुढे संग्रहालय, सगळं मिळून सात-आठ. एवढं तर रोज फिरायला जातो तेव्हाही होतं, असं म्हणून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कुठल्यातरी पायरीवर बसून पोटऱ्या चोळत असतो. अंतर त्याने बरोबर मोजलेलं असतं. उभं राहण्याचे तास मात्र मोजायचे राहून गेलेले असतात.

चालताना दर पावलाला पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हा पंप मंदावतो, रक्त खाली साचतं आणि पाय भरून येतात. तिकिटाची रांग, गाइडचं वीस मिनिटांचं व्याख्यान, चित्रांपुढून अर्धं-अर्धं पाऊल सरकणं, खरी तंगडतोड होते ती इथे. बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. वस्तू नीट दिसावी म्हणून प्रेक्षकाला कसं वाकावं, ओणवं व्हावं लागतं याचे फोटोच त्यांनी त्यात दिले होते.

म्हणून आखणी करताना किलोमीटर मोजू नयेत, थांबे मोजावेत. मोकळ्या रस्त्यावर तासाला ५ किलोमीटर चालणारा माणूस जुन्या वस्तीत थांबत, बघत, फोटो काढत जेमतेम २ ते अडीच किलोमीटर उरकतो. दिवसाला आतून बघायच्या मोठ्या वास्तू दोनच ठेवाव्यात, जास्त रांगेची सकाळी उघडताच. त्या दोन्हींच्या मध्ये मोकळं चालणं असलं की पोटऱ्या सुटतात. रांगेत असताना टाचा उचलून चवड्यांवर वर-खाली केलं तरी तो पंप थोडाफार चालू राहतो. आणि बसायचं ते पाय दुखायच्या आधी, तासाला दहा मिनिटं. दुखायला लागल्यावर बसलं तर उठवत नाही.

बुटांबद्दल सगळेच सल्ले देतात, पण लेसच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या राहणाऱ्या भोकाकडे कोणी बघत नाही. टाच आत वर-खाली होत असेल तर लेसचं टोक त्याच बाजूच्या या शेवटच्या भोकात घालून छोटा फासा ठेवायचा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग उजवी लेस डाव्या फाशातून, डावी उजव्यातून ओवून खाली ओढायची आणि नेहमीसारखी गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते, उतारावर बोटंही पुढे आपटत नाहीत. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. सकाळी घेतलेला बेताचा बूट रात्री चावतो तो त्यामुळेच. फोड येण्याआधी त्या जागी चुरचुर होते. तिथल्या तिथे मोजा काढून, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावली तर फोड टळतो. 'हॉटेलवर गेल्यावर बघू' म्हटलं की पुढचा अख्खा दिवस लंगडण्यात जातो. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

जमीनही बघावी. रोमच्या जुन्या भागात साम्पिएत्रीनी नावाचे काळ्या बेसॉल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात. पातळ तळव्याच्या चपलेतून त्यांची प्रत्येक कड टोचते आणि पावसात ते निसरडे होतात. त्याच रोममध्ये जागोजागी लोखंडी नळ अखंड वाहत असतात. पाणी पिण्याचंच असतं. नळीच्या वाकावर वरच्या बाजूला बारीक भोक असतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की तिथून धार वर उडते आणि न वाकता पिता येतं.

वेळेचंही तसंच. युरोपातल्या जुन्या चर्चचा दर्शनी भाग बहुधा पश्चिमेला असतो, त्यामुळे तो उजळतो दुपारनंतर. रोमचं सेंट पीटर्स मात्र पूर्वेला तोंड करून आहे, तिथे सकाळीच जावं. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि तिथलंच ऑर्से संग्रहालय सोमवारी. साहजिकच मंगळवारी लूव्रची गर्दी ऑर्सेच्या दारात येते.

अरुंद गल्ल्यांत फोनवर फार विसंबू नये. उपग्रहाचे संदेश उंच भिंतींवर आपटून येतात, निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो आणि आपण आज्ञाधारकपणे भिंतीकडे चालू लागतो. मोकळ्या चौकात येऊन मिनिटभर थांबलं की तो ताळ्यावर येतो. व्हेनिसमध्ये तर फोन खिशात ठेवून भिंतींवरच्या रिआल्तो पूल आणि सान मार्को चौकाकडे नेणाऱ्या पिवळ्या पाट्या धराव्यात. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत, त्यामुळे पलीकडे समोर दिसणाऱ्या दारापर्यंत पोचायला बराच वळसा पडू शकतो. पॅरिसमध्ये घरांचे नंबरच वाट सांगतात. सेन नदीला आडव्या जाणाऱ्या रस्त्यांवर ते नदीकडून सुरू होतात, तर नदीला समांतर रस्त्यांवर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. फोनची बॅटरी संपली तर आडव्या रस्त्यावर नंबर उतरत जातील त्या बाजूला चालत राहावं, नदी येते.